चाबूक देखणा झालाय, पण कडाडत नाही

या वेळी पत्रांच्या गठ्ठ्यात चाबूकवालेच जास्त निघाले, एवढे चाबूक तुम्ही कोणावर उगारणार आहात देव जाणे. एकसारखे प्रश्न एकत्र करून घेतलेत.

प्रश्न : दादा, पॅराकॉर्डचा (पॅराशूटच्या नायलॉनच्या दोरीचा) सहा फुटी चाबूक विणला, दोन महिने गेले त्यात. काळी-लाल डिझाइन एकदम झकास आलीय, बघणारा प्रत्येक जण हातात घेतो. पण फिरवला की मेलेल्या सापासारखा लोंबतो, आवाज म्हणाल तर नुसता फटक. आत चार दोऱ्यांची जुडी घातली होती आणि वर सोळा पेडी वेणी, मुठीपासून टोकापर्यंत सोळाच. काय चुकलं?

उत्तर : मित्रा, तू एक सुंदर दोर विणलास. वेणीत काही खोट नाही, खोट जाडीत आहे, मुठीपासून टोकापर्यंत ती सारखीच राहिली. चाबकाचं सगळं काम निमुळतेपणावर चालतं. हात हलवला की एक वळसा मुठीकडून टोकाकडे धावत सुटतो, पुढे पुढे दोरी बारीक आणि हलकी होत जाते, तेवढीच ताकद कमी वजनात कोंबली जाते, म्हणून वेग वाढत वाढत शेवटी आवाजाच्याही पुढे जातो (साध्या हवेत सेकंदाला साधारण ३४० मीटर). तो कडाड म्हणजे छोटासा सॉनिक बूम, आवाजाच्या पुढे गेल्यावर हवेत होणारा धमाका असतो, दोरी दोरीवर आपटल्याचा आवाज नाही. ॲरिझोना विद्यापीठातल्या गोरिएली आणि मॅकमिलन या दोघांनी २००२ मध्ये याचं गणित मांडलं आणि दाखवलं की आवाज त्या धावत्या वळशातूनच फुटतो. तुझ्या दोरात वळसा निघतो पण पुढे सगळीकडे तेवढंच वजन ओढत न्यावं लागतं, मग तो अर्ध्यात दमतो.

आता निमुळता करायचा कसा? दोन्हीकडून, आतूनही आणि बाहेरूनही.

आधी आत. पॅराकॉर्डचे आतले धागे ओढून काढायचे आणि त्या पोकळ नळीत एअरगनचे ४.५ मिमीचे स्टीलचे छर्रे भरायचे. हा झाला कोर. छर्रे थोड्या लांबीपर्यंतच, पुढची नळी रिकामी सोडायची. शिसं वापरू नका, विषारी असतं आणि स्टीलने काम भागतं. त्यावर चार पेडी वेणी, तिच्यावर आठ पेडी, याला बेली म्हणतात, आणि सगळ्यात वर दिसणारी बारा पेडी. प्रत्येक आतली वेणी बाहेरच्या वेणीच्या आधी संपली पाहिजे, म्हणजे चाबूक पायरीपायरीने बारीक होतो, आणि त्या पायऱ्या हाताला लागू नयेत म्हणून आतल्या वेणीचं टोक मेणाच्या दोऱ्याने उतरतं गुंडाळायचं.

मग बाहेर. इथे पेड सोडावे लागतात. बाराचे दहा, दहाचे आठ. डावीकडचा एक आणि उजवीकडचा एक असे जोडीने सोडायचे, ते आत कोरच्या अंगाला लावून त्यांच्यावरून विणत जायचं. सोडलेले दोन्ही पेड एकाच जागी कापू नका, एक जवळ एक लांब. मी पहिल्या चाबकात चार पेड एकाच इंचात सोडून तिथेच कापले होते, चाबकाला चक्क कोपर फुटलं, दर वेळी नेमका तिथेच वाकायचा.

सोडायचे कधी, हे सगळ्यांचं अडतं. लोक टेप घेऊन बसतात, दर अमुक इंचाला सोडायचा वगैरे, पण पेड स्वतःच सांगतात हो. आतला गाभा बारीक झाला की पेडांना जागा पुरत नाही, मग ते तिरके न राहता चाबकाच्या लांबीला समांतर व्हायला लागतात, वेणी ताणल्यासारखी लांबट दिसते. तसं दिसलं की एक जोडी सोडायची. उलट पेडांच्या फटीतून आतली बेली डोकावायला लागली तर तू घाई केलीस, चार वळणं उसव आणि पुढे जाऊन सोड. हा कोन ओळखायला डोळा बसला की निम्मं चाबूककाम आलं, रंगाची डिझाइन त्यानंतरची.

पेड सोडल्यावर मोजणी बदलते हेही लक्षात ठेव. बारा असताना प्रत्येक बाजूला सहा, वरचा पेड मागून आणून तीन खालून, तीन वरून. दहाला बाजूला पाच उरतात, मग तीन खालून, दोन वरून. आठला दोन-दोन. बरेच जण दहावर येऊन गोंधळतात आणि शिवण, म्हणजे दोन्ही बाजूंचे पेड मिळतात ती रेघ, वळवळायला लागते, त्यांना वाटतं हात बिघडला, बिघडलेली असते फक्त मोजणी.

तो सहा फुटी उसवू नकोस, छान दिसतोय ना, राहू दे भिंतीवर. पुढचा चार फुटी कर, स्नेक व्हिप कर, म्हणजे कडक दांड्याची भानगड नको, मूठही लवचीक. वरच्या वेणीचे पेड तयार लांबीच्या पावणेदोन पट तरी कापून घे, उरलेली दोरी कापता येते, कमी पडलेली वाढवता येत नाही.

प्रश्न : ताण द्यायला जाते तर करंगळी सोलवटते, सैल सोडलं तर वेणी भसाडी होते. आणि मध्येच उठावं लागलं तर परत बसल्यावर तिथे वेगळाच पट्टा दिसतो. काय करू?

उत्तर : ताई, करंगळीला कापडी चिकटपट्टी दोन वेढे, बस. सगळेच लावतात, लाजायचं काही नाही. ताण जोरात असण्यापेक्षा सारखा असणं महत्त्वाचं, चाबूक हुकाला अडकवा आणि अंगाचं वजन मागे टाकून ओढा, नुसत्या मनगटाने ओढाल तर अर्ध्या तासात मनगट थकतं आणि वेणी सैल पडत जाते. उठायचं झालं तर शेवटच्या वळणावर क्लिप लावून ठेवा, परत आल्यावर मागची दोन वळणं उसवून तिथून सुरू करा. पूर्ण झाल्यावर जमिनीवर ठेवून फळीखाली लाटा, उंचसखल बसून जातं. पट्टा मात्र लाटून जात नाही, मी पाहिलंय करून.

प्रश्न : कातड्याचे चाबूक करणारे एक ओळखीचे गृहस्थ म्हणतात नायलॉन म्हणजे खेळणं. खरंच का? आणि पॅराकॉर्डच्या नावातलं ५५० म्हणजे काय?

उत्तर : ५५० म्हणजे ती दोरी निदान ५५० पौंड, साधारण २५० किलो, ताण सोसते. पॅराशूटची दोरी ही, जाडी ४ मिमीच्या आसपास, आत साधारण सात धागे. स्वस्तातली पॉलिएस्टरची किंवा आत भलतंच काहीतरी भरलेली पण याच नावाने विकतात, एक टोक उसवून बघून घ्या.

खेळणं म्हणा हवं तर, पण नायलॉन भिजलं तरी कुजत नाही, तेल-ग्रीस चोळावं लागत नाही आणि शिकताना चुकलं की उसवून तीच दोरी परत वापरता येते, कातड्याच्या वाद्या कापण्यात चूक झाली की कातडं गेलं. त्या गृहस्थांचं एका बाबतीत खरं आहे, नायलॉन हलकं असतं, म्हणून तर वर ते छर्रे सांगितले. टोकं जाळताना सांभाळा, वितळलेलं नायलॉन कातडीला चिकटून बसतं आणि निघत नाही, बोटाने चपटं करायचा मोह होतो, करू नका, चमच्याची मागची बाजू घ्या. खिडकी उघडी ठेवा.

प्रश्न : चाबूक झाला, आता घरातच थोडा वाजवून बघू का?

उत्तर : नको रे. मोकळी जागा बघ, चाबूक आणि हात मिळून जेवढी लांबी होते त्याच्या दुप्पट अंतरात चहूबाजूंनी कोणी नको, कुत्रंमांजरसुद्धा. डोळ्याला गॉगल, डोक्यावर टोपी, लांब बाह्यांचा शर्ट, कानात बोळे, पहिल्या आठवड्यात चाबूक सगळ्यात जास्त तुलाच लागणार आहे, बहुतेक कानाला नाहीतर पाठीला. जोर लावू नकोस, हळू मोठा वळसा काढायचा, चाबूक सरळ रेषेत चालला की आपोआप वाजतो.

आणि क्रॅकरशिवाय कधीच वाजवू नकोस. टोकाच्या दोरीला, म्हणजे फॉलला, जो झुबका बांधतात तो क्रॅकर, सगळा मार तो खातो. तो नसला की फॉलच फाटत येतो. नायलॉनच्या दोऱ्याला घट्ट पीळ द्यायचा, मधोमध दुमडायचा, दोन्ही पदर आपोआप एकमेकांवर उलटे पिळले जातात, खाली गाठ मारायची आणि गाठीखालचे दोन इंच धागे मोकळे विंचरून टाकायचे. एका बैठकीत दहा-बारा करून खिशात ठेव, झुबका झिजून गाठीपर्यंत आला की बदल.