आदिवासी दिनाला पहिल्यांदाच वारली चित्रं लावताय?

९ ऑगस्टला स्टॉल लावताय हे भारीच, पण नुसत्या तारपा (फुंकून वाजवायचं वाद्य) नाचाच्या फ्रेमा टांगू नका हो. जिव्या सोमा म्हसेंनी बायकांची ही लग्नातली भिंतीवरची कला कागद-कापडावर नेली, २०११ ला पद्मश्री मिळाली, आणि आताची पोरं धरण, हायवे, कापलेलं जंगल पण काढतात, तीच चित्रं पुढे लावा, लोक तिथेच थांबतात. देवचौक (लग्नात भिंतीवर काढतात तो देवीचा चौक) मात्र धवलेरीला, म्हणजे लग्न लावणाऱ्या बाईला, आणि सवासिनींना विचारल्याशिवाय नको, तो लग्नविधी आहे, डेकोरेशन नाही. प्रत्येक चित्राखाली कलाकाराचं नाव-गाव पाहिजेच. आणि मानधन त्याच दिवशी हातात द्या प्लीज, तलासरी-डहाणूहून माणूस खिशातलं गाडीभाडं घालून आलेला असतो.