आवळायचं कधी, सोडायचं कधी : मूत्राशय आणि पिलाटेस

प्रश्न : वय ४४, दोन बाळंतपणं. शिंकलं किंवा उडी मारली की लघवीचे थेंब सुटतात. तीन महिने पिलाटेस (श्वासाच्या मेळावर पोट-पाठ बळकट करणारे व्यायाम) करते आहे. पोट घट्ट झालं, पण गळणं थांबलं नाही. त्यातला 'हंड्रेड' हा व्यायाम करताना तर जास्तच होतं. माझं काय चुकतंय?

उत्तर : व्यायाम चुकलेला नाही, क्रम चुकला आहे. जांघेजवळच्या पुढच्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत स्नायूंची एक झोळी असते. तिलाच पेल्विक फ्लोअर म्हणतात. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय या झोळीवर टेकलेले असतात. 'हंड्रेड'मध्ये डोकं-खांदे उचलून आणि पाय हवेत धरून शंभर ठोके मोजायचे असतात. त्या वेळी पोटातला दाब वाढतो. पोटाचे स्नायू बळकट झाले आणि झोळी कमकुवतच राहिली, तर तो सगळा दाब खाली जातो. म्हणून तूर्त डोकं जमिनीवर, गुडघे वाकवलेले आणि पावलं टेकलेली ठेवूनच 'हंड्रेड' करा. तसं करतानाही गळत असेल तर काही आठवडे तो बंदच ठेवा.

आधी आवळणं नीट शिका. उताणं झोपून गुडघे वाकवा. नाकाने श्वास घ्या, फासळ्या बाजूंना फुलू द्या आणि खालचा भाग सैल सोडा. श्वास सोडताना आधी वायू रोखल्यासारखं मागून आवळा, मग तीच पकड पुढे लघवीच्या जागेपर्यंत आणून वर ओढा. नितंब कडक झाले, मांड्या एकमेकींवर दाबल्या गेल्या किंवा श्वास कोंडला, तर जोर भलतीकडे जातो आहे. खात्री करायची असेल तर स्वच्छ बोट योनीत घालून पाहा. बोटाभोवती पकड बसून ते आत-वर ओढलं गेलं पाहिजे. बोट बाहेर ढकललं जात असेल तर तुम्ही आवळत नाही, कुंथता आहात. ही चूक फार बायकांची होते आणि तिने त्रास वाढतो.

सुरुवातीला ३ सेकंद धरलं तरी पुरे, हळूहळू ८ ते १० सेकंदांवर जा. जेवढं धरलं तेवढाच वेळ पूर्ण सैल सोडा. असं ८ ते १० वेळा, मग झटपट आवळून सोडणं १० वेळा, आणि हे सगळं दिवसातून तीनदा. फरक पडतो की नाही हे ठरवण्याआधी किमान तीन महिने नियमित करा. लघवी करताना धार मध्येच अडवून हा सराव करू नका, मूत्राशय रिकामं होण्याची सवय त्याने बिघडते.

पकड जमली की 'ब्रिज', म्हणजे उताणं झोपून कंबर उचलण्याचा व्यायाम, घ्या. श्वास घेऊन तयारी, श्वास सोडत आधी झोळी वर ओढा आणि मगच कंबर उचला. वर थांबून श्वास घ्या, सोडत एकेक मणका टेकवत खाली या. ६ ते ८ वेळा पुरेसं आहे. शिंक येतेय असं वाटताच आवळा आणि ती होऊन जाईपर्यंत सोडू नका. पिलाटेसचा फायदा श्वास, पाठ आणि पोट यांचा मेळ बसवण्यात आहे. या थेट सरावाची जागा ते घेत नाही.

प्रश्न : वय ५८. कुलपात किल्ली घातली की लघवीची कळ आवरत नाही. दिवसातून १३-१४ वेळा जावं लागतं. पाणी कमी केलं, तरी तेच.

उत्तर : पाणी तोडू नका. लघवी दाट झाली की मूत्राशय आणखी चिडतं, आणि बद्धकोष्ठ झालं की भरलेला गुदाशय त्याला दाबतो. चहा-कॉफी मात्र कमी करून पाहा. आधी लघवीची तपासणी करून संसर्ग नाही ना, हे बघा. मग तीन दिवस वेळ, प्यायलेलं पाणी आणि मापाने मोजलेली लघवी लिहून ठेवा. दर तासाला जात असाल तर सव्वा तासावर न्या. आठवडाभर ते जमलं की आणखी १५ मिनिटं वाढवा. तीन तासांपर्यंत पोहोचलात तर उत्तमच. 'बाहेर पडायच्या आधी जाऊन येऊ' ही सवयही सोडा, कारण मूत्राशय अर्धवट भरलं तरी मग तक्रार करू लागतं.

कळ आली की धावू नका. जागेवर उभ्या राहा किंवा बसा, पाच-सहा वेळा झटपट आवळून सोडा, लाट ओसरली की शांतपणे चालत जा. पाळी गेल्यानंतर योनीची त्वचा पातळ आणि कोरडी झाली असेल, तर योनीत लावायच्या इस्ट्रोजेन क्रीमबद्दल स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारा.

प्रश्न : वय ३१. रोज शंभर वेळा आवळते, तरी लघवी सुरू व्हायला वेळ लागतो आणि संबंधाच्या वेळी दुखतं.

उत्तर : आवळणं आजपासून थांबवा. तुमची झोळी कमकुवत नसून सतत ताठरलेली असण्याची शक्यता आहे. अशा स्नायूला आणखी आवळायला लावलं तर तो दमतो आणि दुखतो. दिवसभर पोट आत ओढून वावरण्याची सवय असेल तर तीही सोडा. गुडघे दूर ठेवून, टाचांवर बसून पुढे वाका, कपाळ टेकवा आणि पाच मिनिटं सावकाश श्वास घ्या. आत येणाऱ्या प्रत्येक श्वासाबरोबर खालचा भाग रुंदावतोय याकडे लक्ष द्या. पेल्विक फ्लोअरचं काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडून तपासून घ्या, इथे अंदाजाने व्यायाम करण्यात अर्थ नाही.

प्रश्न : बाळंतपणानंतर हे व्यायाम कधी सुरू करावेत?

उत्तर : नैसर्गिक प्रसूती असेल आणि दुखत नसेल, तर हलकं आवळणं काही दिवसांतच चालतं. लघवीची नळी असेल तर ती निघेपर्यंत थांबा. सिझेरियननंतर पोटाच्या व्यायामाला डॉक्टरांची परवानगी लागेल. धावणं-उड्या १२ आठवड्यांनंतरच. अंग बाहेर आल्यासारखं जड वाटलं, लघवीत रक्त दिसलं किंवा लघवी तुंबली तर व्यायाम बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा. मांड्यांच्या मधल्या भागात बधिरपणा आला, तर त्याच दिवशी.