जपानी रेव्हेन्यू तिकिटे सुटी करावीत का?

प्रश्न : मी निजामकालीन स्टँप पेपर आणि कोर्ट फीची तिकिटे जमवतो. अलीकडे अदलाबदलीत मला काही जुन्या जपानी पावत्या आणि जमिनीचे कागद मिळाले. पावत्यांवरील तिकिटांवर शिक्के आहेत. टपाल तिकिटांप्रमाणे ती भिजवून सुटी करावीत का, आणि कागदांचा काळ कसा ओळखावा?
– एक वाचक, परभणी

उत्तर : तिकिटे कृपया भिजवू नयेत. जपानमध्ये रेव्हेन्यू तिकीट १८७३ मध्ये सुरू झाले आणि ते रद्द करण्यासाठी व्यवहार करणाऱ्याचा शिक्का अर्धा तिकिटावर, अर्धा कागदावर उमटवण्याची रीत पडली. तिकीट सोडवले की तो शिक्का दुभंगतो आणि ते कोणत्या रकमेसाठी, कोणी लावले हा पुरावाच नाहीसा होतो. चिकटपट्टी आणि लॅमिनेशनही टाळावे, आणि पावसाळ्यात कसर लागली नाही ना, हे अधूनमधून पाहावे.

काळ ओळखणे आपल्याला जड जाऊ नये, कारण निजामी कागदांवरील फसली (महसुली) सनात ५९० मिळवून इसवी सन काढण्याची सवय आपल्याला असणारच. जपानी कागदावर सम्राटाच्या कारकिर्दीचे नाव आणि तिचे वर्ष असते : मेइजी असल्यास १८६७, ताइशो असल्यास १९११ आणि शोवा असल्यास १९२५ मिळवावेत; म्हणजे मेइजी १० हे १८७७ होय. जपानने १ जानेवारी १८७३ पासून आपले आजचे कॅलेंडर स्वीकारल्यामुळे तिकीट लावलेल्या कागदांवरील महिने सहसा सरळ जुळतात. त्याआधीच्या कागदांवरील तिथी मात्र चांद्रमासाच्या असतात. रकमेचे आकडे ओळखीच्या साध्या आकड्यांसारखे दिसले नाहीत तर गोंधळू नये, कारण खाडाखोड करता येऊ नये म्हणून दस्तऐवजांत मुद्दाम किचकट रूपातील अंक लिहीत असत.

आपल्याकडील जमिनीचे कागद ‘चिकेन’ असतील, तर संग्रहातील सर्वांत बोलका ऐवज बहुधा तोच आहे. १८७२ पासून दिल्या गेलेल्या या मालकीच्या सनदेत जमिनीचे ठिकाण, क्षेत्र आणि मालक यांच्याबरोबर सरकारने ठरवलेली किंमतही असते, जी आपल्या सातबाऱ्यावर सापडत नाही. पूर्वी शेतसारा मुख्यतः तांदळात आणि पिकाच्या मानाने घेतला जाई; १८७३ च्या सुधारणेने तो जमिनीच्या किमतीच्या ३ टक्के, तोही रोख, असा ठरला. शेतकऱ्यांनी उठाव केल्यानंतर १८७७ मध्ये तो अडीच टक्क्यांवर आणावा लागला आणि त्या सुमाराच्या अनेक सनदांवर हे दोन्ही आकडे एकाखाली एक छापलेले आढळतात. १८८९ मध्ये अशा सनदा देण्याची पद्धत बंद झाली. त्यामुळे अशा कागदावर तिकीट नसले, तरी तो पुढच्या अदलाबदलीत देऊन टाकू नये.