सूद (soothe), पॅसिफाय (pacify), प्लकेट (placate) आणि अपीझ (appease) या इंग्रजी शब्दांत नेमका फरक काय?

शब्दकोशात या सगळ्यांचा अर्थ ‘शांत करणे’ असाच दिला आहे, मग कोणताही वापरला तर काय बिघडते, असे आपण विचारले आहे. बिघडते, आणि त्याचा जाब भलत्याच माणसाला द्यावा लागतो.

मी एका खाजगी रुग्णालयात परिचारिका असताना एका वृद्ध रुग्णाची शस्त्रक्रिया ऐन वेळी पुढे ढकलली गेली. रुग्ण रात्रीपासून उपाशी होते आणि त्यांचा मुलगा वॉर्डातल्या टेबलावर हात आपटत होता. मी त्याला बसवले, अपघातातील एका जखमीला तातडीने थिएटरमध्ये घ्यावे लागल्याचे सांगितले, दुसऱ्या दिवशीच्या यादीत वडिलांचे नाव पहिले असल्याचे दाखवले आणि लगेच त्यांच्यासाठी जेवण मागवले. तो निवळला. घटनेच्या इंग्रजी अहवालात मी ‘रिअ‍ॅशुअर्ड’ असे लिहिले, कारण त्याच्या मनातली धास्ती मी खरी माहिती देऊन घालवली होती. वरिष्ठांनी ते खोडून ‘अपीझ्ड’ केले. अर्थ एकच आहे आणि हा शब्द वजनदार दिसतो, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे व्यवस्थापनाने मलाच बोलावून विचारले की, बिलात कोणती सवलत कबूल केलीत?

व्यवस्थापनाची शंका रास्त होती, कारण मागणी पुरवून समोरच्याला गप्प करणे हा ‘अपीझ’चा गाभा आहे. सप्टेंबर १९३८ मध्ये म्युनिक येथे ब्रिटनचे पंतप्रधान चेंबरलेन यांनी चेकोस्लोव्हाकियाचा सुडेटनलँड हा सीमाभाग हिटलरच्या पदरात पडू दिला आणि तरीही मार्च १९३९ मध्ये जर्मन फौजा त्या देशाच्या राजधानीत, प्रागमध्ये शिरल्या. तेव्हापासून या शब्दाला लागलेला डाग गेलेला नाही. आपल्या वृत्तपत्रांतले ‘लांगूलचालन’ हे त्याच अर्थाचे. ‘प्लकेट’मध्येही चिडलेल्याची समजूत काढण्यासाठी काहीतरी देणे किंवा गोड बोलणे येते, मात्र त्यात एवढी लाचारी नाही. ‘पॅसिफाय’ रडणाऱ्या तान्ह्या मुलाला चालते, तसेच लष्कराने बंडखोर मुलूख ताब्यात आणण्यालाही चालते, त्यामुळे रुग्णाच्या नातेवाइकाबद्दल ते लिहू नये. ‘सूद’ हळुवार आहे. ते दुखऱ्या घशाला आणि घाबरलेल्या जिवाला सारखेच शोभते.

प्रत्यक्ष ज्याने माणसाला शांत केले, त्याचा शब्द इतरांनी त्याला न विचारता बदलू नये, हे मी तेव्हाही सांगितले होते आणि आजही सांगते. भूक किंवा देवतेचा कोप यांबाबत मात्र ‘अपीझ’ बेधडक वापरावे, तिथे त्याला तो डाग लागत नाही.