फ्लॉवरहॉर्नला सोबती कोण?

प्रश्न : माझ्याकडे चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकी असून तिच्यात साधारण सात इंचांचा एक फ्लॉवरहॉर्न मासा आहे. टाकी रिकामी वाटते म्हणून गेल्या महिन्यात दोन पॅरट मासे आणि एक सकर (काचेला चिकटून शेवाळ खाणारा मासा) आणून सोडला. दोन दिवस सारे शांत होते. तिसऱ्या दिवशी सकाळी एक पॅरट मेलेला आढळला आणि दुसरा हीटरच्या मागे लपलेला दिसला, त्याची शेपटी अर्धी फाटली होती. सकर मात्र शाबूत आहे. दुकानदारांचे म्हणणे असे की, मासे आकाराने थोडे मोठे घेतले तर निभावून जाईल. फ्लॉवरहॉर्नबरोबर नेमके कोणते मासे ठेवावेत?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : आपल्या टाकीच्या मापात या प्रश्नाचे उत्तर ‘कोणतेही नाही’ असेच द्यावे लागेल. उरलेला पॅरट आजच वेगळ्या भांड्यात किंवा टाकीत हलवावा, तेथे हवेची सोय करावी, पाणी जुन्या टाकीतलेच वापरावे आणि दर लिटरमागे एक ते दोन ग्रॅम आयोडीन नसलेले जाडे मीठ विरघळवून घालावे. फाटलेले पर स्वच्छ पाण्यात काही आठवड्यांत पुन्हा भरून येतात. त्याला परत त्याच टाकीत सोडण्याचा मोह मात्र टाळावा.

पॅरटच्या बाबतीत पुष्कळांची अशीच फसगत होते. तोही फ्लॉवरहॉर्नसारखाच सिक्लिड या माशांच्या कुळातला, रंगाने तसाच भडक, आणि दुकानात बहुधा फ्लॉवरहॉर्नच्या शेजारच्याच टाकीत ठेवलेला. त्यामुळे दोघांचे जमेल असे वाटते. त्याचे तोंड एकदा जवळून पाहावे. ती एक लहानशी उभी फट असते आणि ती त्याला पुरती मिटताही येत नाही. अंगाने गोल, पोहायला संथ आणि चावा परतवण्यास असमर्थ, असा हा मासा फ्लॉवरहॉर्नपुढे टिकणार कसा? शिवाय सिक्लिड आपल्यासारख्याच बांध्याच्या माशाला अधिक त्वेषाने हाकलतो, कारण तो त्याला जागेतला वाटेकरी वाटतो.

ही आक्रमकता म्हणजे माशाचा दुष्टपणा नव्हे. सिक्लिड अंडी आणि पिले राखणारे मासे आहेत. कोकण-गोव्याच्या खाड्यांतला कालुंदर याच कुळातला, आणि १९५२ साली भारतात आणलेली, आज आपल्या धरणांत सर्रास मिळणारी चिलापीदेखील याच कुळातली. पिलांसाठी जागा राखायची म्हणजे दुसऱ्याला तेथून हुसकावणे आलेच. नदीत हरलेला मासा दहा-पंधरा फूट दूर निघून गेला की भांडण तेथेच मिटते. आपल्या टाकीचे आकारमान नऊ घनफूट आहे, म्हणजे सुमारे २५५ लिटर. तळाची खडी आणि वरची मोकळी जागा सोडली तर प्रत्यक्ष पाणी सव्वादोनशे लिटरच्या आसपास भरते. एवढ्या जागेत हरलेल्या माशाने पळावे कोठे? तो नजरेसमोरून हटत नाही, म्हणून फ्लॉवरहॉर्न त्याला मारतच राहतो. पहिले दोन दिवस शांत गेले याचेही नवल नाही. नवख्यांना जोखण्यात तेवढा वेळ जातो.

दुकानदारांचा सल्ला अर्धाच खरा आहे. मासा मोठा असेल तर तो गिळला जात नाही, एवढेच. तुल्यबळ सिक्लिड आणला तर दोघे तोंडात तोंड अडकवून झुंजतात आणि हरलेल्याचा जबडा कधीकधी कायमचा वाकडा होतो. फ्लॉवरहॉर्न हा मुळात निसर्गात नसलेला मासा आहे. मध्य अमेरिकेतल्या तापट सिक्लिडांचा संकर करून मलेशियात १९९०च्या दशकात तो तयार केला गेला. कपाळावरच्या टेंगळामुळे तो शुभ मानला जातो आणि त्यापायी पुष्कळ घरांत पोहोचतो, मात्र त्याच्या पूर्वजांचा स्वभाव विकताना क्वचितच कोणी सांगते. माझ्याकडचा फ्लॉवरहॉर्न काचेवर फिरणाऱ्या बोटामागे धावे, दिवसभर खडी तोंडात भरून एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात नेई आणि थर्मामीटरशीसुद्धा भांडे. टाकी त्या एकट्याने भरलेली असे.

पुढेमागे सहा फूट लांब आणि दोन-दोन फूट रुंदी-उंचीची, म्हणजे सुमारे ६८० लिटरची टाकी घेतलीत, तर एक प्रयोग करण्याजोगा आहे. पूर्ण वाढलेल्या सिल्व्हर डॉलर माशांचा सहा जणांचा थवा घ्यावा. ते चपटे, उंच अंगाचे आणि अतिशय चपळ असल्याने तोंडात मावत नाहीत, पाण्याच्या मधल्या थरात फिरतात, आणि थव्यामुळे राग एकाच माशावर निघत नाही. आधी थवा रुळू द्यावा आणि फ्लॉवरहॉर्न सर्वांत शेवटी सोडावा. हा क्रम उलटा झाला तर आधीच्या रहिवाशाला सारी टाकी आपलीच वाटते. सोडण्यापूर्वी दगड-ओंडक्यांची मांडणी बदलावी, दिवे मालवावेत आणि पहिले आठ दिवस मध्ये भोके पाडलेला ॲक्रिलिकचा पडदा ठेवावा. पडद्यापलीकडूनही तो दिवसभर धडका देत राहिला, तर पडदा काढूच नये.

सकर आज शाबूत आहे तो अंगावरच्या हाडांच्या पट्ट्यांमुळे. डोळ्यांना तेवढे संरक्षण नसते. रात्री फ्लॉवरहॉर्न निजला असताना उपाशी सकर त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर चोखू लागतो, म्हणून दिवे मालवल्यावर सकरला बुडणारे वनस्पतिजन्य खाद्य किंवा काकडीची चकती द्यावी. फ्लॉवरहॉर्नच्या कुशीवर फिकट गोल डाग दिसू लागले तर सकर हलवावा. नकोसा झाला म्हणून तो तळ्यात वा नदीत मात्र कदापि सोडू नये. केरळच्या जलाशयांपासून वाराणसीच्या गंगेपर्यंत असे सोडलेले सकर सापडले आहेत. दुकानात परत द्यावा किंवा दुसऱ्या हौशी माणसाला द्यावा.

प्रश्न : तीन फुटी टाकीत चार-चार इंचांचे दोन ऑस्कर मासे आहेत. त्यांच्याबरोबर गप्पी आणि एक ‘शार्क’ ठेवता येईल का?
— एक वाचक, म्हापसा

उत्तर : गप्पी हे ऑस्करचे सोबती होणार नाहीत, न्याहारी होतील. दुकानात ‘शार्क’ म्हणून मिळणारा मासा बहुधा पंगस असतो. तो निसर्गात मीटरभराहून लांब वाढतो आणि बुजला की काचेवर जाऊन आदळतो, तेव्हा तो घरच्या टाकीत आणूच नये. ॲमेझॉन खोऱ्यातले ऑस्कर फ्लॉवरहॉर्नइतके तापट नसले, तरी दोघेही फूटभर होणार आणि त्यांना आपली आजची टाकी वर्षभरातच अपुरी पडेल. सोबती शोधण्याऐवजी तो खर्च मोठ्या टाकीवर करावा, आणि तोवर दर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलावे.