जॅझ आणि रॉकच्या मिश्रणातून बनलेल्या फ्यूजन संगीतात एकच सॅक्सोफोन असूनही दोन वाजल्यासारखे का वाटतात?

ही करामत बहुतेक वेळा ऑक्टेव्ह डिव्हायडर या इलेक्ट्रॉनिक उपकरणाची असते. वाजवलेल्या सुराचा एक सप्तक खालचा जोडीदार सूर ते मूळ आवाजात मिसळतं. वाद्यं बनवणाऱ्या सेल्मर कंपनीच्या व्हॅरिटोन या सॅक्सोफोनच्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेत १९६० च्या दशकातच ही सोय होती, आवाज टिपणारा पिकअप थेट सॅक्सोफोनच्या मानेत बसवलेला. जॅझ सॅक्सोफोनवादक एडी हॅरिसचं १९६७ चं वादन जरूर ऐका: त्याच्या प्रत्येक फुंकरीखाली तो जाडसर सूर सावलीसारखा चालतो, फार सुंदर! सॅक्सोफोनवर हे छान जमतं कारण त्यातून सहसा एका वेळी एकच सूर निघतो आणि सर्किटला त्याची कंपनसंख्या फक्त निम्मी करायची असते. मात्र काही वेळा स्टुडिओत तीच धून पुन्हा वाजवून तिचा दुसरा ट्रॅक पहिल्यावर चढवलेला असतो. तेव्हा दोन्ही आवाज किंचित मागेपुढे होतात.