बकरी आटवायची तर आधी आपला हात आवरा

दादा, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. घरी दोन बकऱ्या, त्यातली बीटल या दुधाळ जातीच्या रक्ताची मोठी 10 नोव्हेंबरला फळली, म्हणजे गाभण राहिली. जानेवारी संपत आला तरी सकाळी पाऊण लिटर आणि संध्याकाळी पाव-दीडपाव लिटर देतेच आहे. आता तिला आटवायला, म्हणजे विण्याआधी तिचं दूध थांबवायला, धार एकदम बंद करायची की हळूहळू, शेजारचे म्हणतात तसं दोन दिवस पाणी तोडायचं का, आणि आईला चहाला बकरीचंच दूध लागतं तर आटवलीच नाही तर काय बिघडेल, असं तुम्ही विचारलं.

पाण्याचं आधी सांगते. तोडू नका. एक दिवसही नाही.

मी हे पुस्तक वाचून बोलत नाही. आर्वी तालुक्यात आमच्या वावरातल्या कोठ्यात चौदा वर्षांपासून बकऱ्या आहेत, आणि दुसऱ्याच वर्षी मी हे करून बसले. एप्रिल होता, पारा चव्वेचाळीसला टेकलेला. सासूबाई म्हणाल्या, "पानी तोड तिचं, आपोआप आटते." त्यांनी आयुष्यभर म्हशी सांभाळलेल्या, मी नवखी, ऐकलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बकरी मान जमिनीला टेकून पडली. डॉक्टर आले, सलाईन लावलं, बकरी वाचली. पण तीन आठवडे आधीच व्यायली आणि दोन्ही पिलं हाती लागली नाहीत. दूध मात्र आटलं, तेवढं सासूबाईंचं खरं झालं.

गावात या बाबतीत नीट सल्ला का मिळत नाही, तेही समजून घ्या. आपल्याकडची बेरारी काय किंवा उस्मानाबादी काय, ती मुळात पिलांसाठी आणि बोकडांसाठी पाळलेली. पिलं पिऊन पिऊन तीन-चार महिन्यांत ती आपणच आटते. त्यामुळे बकरी आटवावी लागते हेच बहुतेकांना माहीत नाही, आणि सल्ला द्यायची वेळ आली की गाईम्हशीचं ऐकीव ज्ञान बाहेर येतं. बीटल, जमुनापारी किंवा त्यांच्या संकराची बकरी तशी नाही. ती गाभण असतानाही देत राहते, आणि आपण काढत राहिलो तर पार विण्याच्या आठवड्यापर्यंत देईल. म्हणून तुमच्या बकरीच्या बाबतीत तारीख तुम्हाला ठरवावी लागेल.

तारखेचा हिशोब सोपा आहे. बकरीचा गाभण काळ साधारण 150 दिवस, चार-पाच दिवस मागेपुढे. 10 नोव्हेंबरला फळली म्हणजे 9 एप्रिलच्या आसपास विणार. तिथून 60 दिवस मागे मोजा, 8 फेब्रुवारी. कॅलेंडरवर खूण करून ठेवा, ही शेवटची धार. अगदीच अडचण असेल तर 45 दिवस चालतील, त्याहून कमी नको.

आटवली नाही तर काय बिघडेल? पिलाची बहुतेक वाढ शेवटच्या दोन महिन्यांतच होते. बकरीच्या पोटात दोन पिलं असतील, आणि असतातच बहुधा, तर त्यांना पोसायचं, अंगात साठा करायचा आणि वर तुम्हाला रोज लिटरभर द्यायचं, हे तिच्याने होत नाही. ती हाडं दाखवायला लागते. शिवाय कासेलाही विश्रांती लागते, जुन्या दूधपेशी जाऊन नव्या यायला वेळ लागतो, नाहीतर पुढच्या वेताला दूध कमी पडतं. आणि चीक, म्हणजे विल्यावरचं पहिलं घट्ट दूध. विण्यापर्यंत धार चालू ठेवली की चीक पातळ आणि थोडा येतो, तिथेच पिलं मार खातात. तिसऱ्या वर्षी मी लोभ धरून एक बकरी शेवटपर्यंत पिळली होती. दोन्ही पिलं जेमतेम दीड-दीड किलोची निघाली, उभं राहायलाच त्यांना अर्धा दिवस लागला.

आता मुख्य प्रश्न, एकदम की हळूहळू. माझं उत्तर: आधी खुराक उतरवा, मग धार जवळजवळ एकदम.

1 फेब्रुवारीपासून ढेप, चुनी, मक्याचा भरडा, जे काही खुराकात देत असाल ते दोन दिवसांत उतरवून बंद करा. हिरवा चाराही कमी करा, लसूण घास देत असाल तर तो पूर्ण थांबवा. पोट मात्र उपाशी ठेवायचं नाही. तुरीचं कुटार, म्हणजे मळणीनंतरचा भुसा, सध्या सगळ्यांकडे पडलेलं आहे, ते आणि ज्वारीचा कडबा पोटभर द्या. सोयाबीनच्या कुटारात दाणे राहिलेले असतात, जास्त खाल्ले की पोट फुगतं, म्हणून ते चाळून किंवा थोडंच. पाणी कायम समोर. त्याच आठवड्यात संध्याकाळची धार सोडा, फक्त सकाळी काढा. तुमच्या बकरीचं लिटरभर दूध या दोन गोष्टींनी अर्ध्या लिटरवर यायला हवं. मग 8 तारखेला शेवटची धार आणि बंद. जी बकरी आधीच अर्धा लिटरच्या खाली आहे तिला हा आठवडाही नको, सरळ बंद करा.

"एक दिवस आड, मग दोन दिवस आड" असं लांबवणं लोकांना दयाळूपणाचं वाटतं. मलाही वाटलं होतं. ढवळी नावाची माझी बकरी, दीड लिटरची. बंद केल्यावर तिसऱ्या दिवशी कास टच्च भरली, ती मागे पाय फाकवून उभी, मला पाहून ओरडायची. मला बघवेना. रोज अर्धा कप, एक कप, "थोडं हलकं" म्हणून काढत गेले. बारा दिवस ते चाललं, आणि तेराव्या दिवशी डावी बाजू गरम, लाल, दूध पाणी-पाणी आणि त्यात गाठी. दगडी, म्हणजे कासेचा दाह, झाली होती. उपचार केले, बकरी राहिली, पण डावा सड कायमचा गेला. पुढची दोन वेतं तिने एका सडावर काढली.

असं का होतं, हे मला नंतर पशुवैद्यकांनी समजावलं. दूध कासेत साचून राहिलं की त्या दाबाने आणि साचलेल्या दुधातल्याच एका घटकाने कासेला निरोप जातो की आता पुरे. हा निरोप पोचायला दोन-तीन दिवस लागतात. आपण मधेच कपभर काढलं की तो निरोप पुसला जातो, कास परत कामाला लागते, आणि मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून. दुसरं, धार बंद झाल्यावर सडाच्या तोंडात आपोआप मेणासारखं बूच तयार होतं. ते जंतूंना आत जाऊ देत नाही. प्रत्येक वेळी पिळताना आपण ते बूच उघडतो. अर्धवट पिळणं म्हणजे कास भरलेलीही ठेवायची आणि दारही उघडं ठेवायचं.

शेवटच्या धारेच्या दिवशी घाई करू नका. आधी पहिल्या दोन-तीन धारा काळ्या कापडावर किंवा स्टीलच्या ताटलीत घ्या आणि गुठळ्या, पाणचटपणा, रक्त दिसतं का पाहा. घरच्या घरी आणखी एक परीक्षा आहे: लिटरभर पाण्यात 30 ग्रॅम कपडे धुण्याची पावडर विरघळवायची, दोन बाजूंचं दूध वेगवेगळ्या वाटीत घेऊन त्यात तेवढंच हे पाणी घालून हलवायचं. दूध लगेच चिकट, घट्ट झालं तर त्या बाजूला दुखणं आहे. मात्र बकरीच्या दुधात पेशी गाईपेक्षा मुळातच जास्त असतात, त्यामुळे दोन्ही वाट्या किंचित घट्ट झाल्या तर घाबरू नका. एक वाटी पातळ आणि दुसरी जेलीसारखी झाली की डॉक्टरांना बोलवा, आटवणं तोपर्यंत थांबवा.

परीक्षा ठीक निघाली तर दोन्ही सड पूर्ण निपटून रिकामे करा. मग पोव्हिडोन आयोडीनमध्ये सड बुडवा, लहान कपात घेऊन, नुसतं कापसाने पुसू नका. त्यानंतर अर्धा तास तिला बसू द्यायचं नाही, कारण पिळल्यानंतर सडाचं तोंड तेवढा वेळ उघडंच असतं. समोर कुटार टाका, ती उभी राहून खाते.

दगडी होऊ नये म्हणून कासेत सोडायच्या औषधाच्या ट्यूबचं विचारलं नाही तुम्ही, पण मेडिकलवाला विकायला बसलेलाच असतो. आधी ज्या बकरीला दगडी होऊन गेली आहे तिच्यासाठी मी डॉक्टरांना विचारून वापरते. निरोगी, पहिल्या-दुसऱ्या वेताच्या बकरीला मी घातलेली नाही. घालायचीच असेल तर त्या गाईसाठी बनवलेल्या असतात हे लक्षात घ्या. एका बाजूला एक पूर्ण ट्यूब, एक ट्यूब दोघींत वाटायची नाही, सडाचं टोक स्पिरिटने पुसूनच, आणि नळी जेमतेम आत, खोल खुपसायची नाही. किती दिवस दूध वापरायचं नाही ते डॉक्टरांकडून लिहून घ्या.

आणि एक, जे मला कुठे लिहिलेलं दिसत नाही. पिलं तोडायला सडांना शेण माखायची आपल्याकडे सवय आहे. आटवताना तर अजिबात नको. सडाचं तोंड उघडं असताना त्याला शेण लावायचं म्हणजे दगडीला अक्षत देऊन बोलावणं. आधीच्या वेताची पिलं अजून पीत असतील तर त्यांना 1 तारखेलाच दुसऱ्या कोठ्यात बांधा, कडुनिंबाचा पाला वाटून लावण्यापेक्षा ते बरं. दुसऱ्या बकरीची पिलंही हिच्याजवळ येऊ देऊ नका, काही बकऱ्या परक्यालाही पाजतात.

8 तारखेच्या धारेनंतर तुमचं काम एकच, हात न लावणं. तिला धार काढायच्या जागी नेऊ नका, चरवीचा आवाज ऐकला तरी पान्हा सुटतो. तिची बांधायची जागा बदला, आईला सांगा सकाळी तिच्याजवळ भांडं घेऊन जाऊ नका. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी कास सगळ्यात जास्त ताठ होईल. चमकेल, ती नीट चालणार नाही, ओरडेल. हाताच्या मागच्या बाजूने स्पर्श करून पाहा. ताठ असेल पण गरम नसेल आणि दोन्ही बाजू सारख्या असतील तर सोडून द्या. थंड पाण्यात भिजवलेलं फडकं दहा मिनिटं लावलं तर तिलाही बरं वाटतं आणि तुम्हालाही. सातव्या-आठव्या दिवसापासून ढिली पडू लागते, दोन-तीन आठवड्यांत रिकाम्या पिशवीसारखी लोंबते. आत राहिलेलं दूध शरीर परत शोषून घेतं, ते "सडत" नाही.

पण एक बाजू गरम, लाल, दुखरी, ताप 104 च्या वर, किंवा खाणं सोडलं, तर तिथे माझा "हात लावू नका" हा नियम संपला. ती बाजू रिकामी करा आणि त्याच दिवशी डॉक्टर. कास निळसर, थंडगार पडली तर रात्र काढू नका, त्यात बकरी दगावते.

आटल्यावर महिनाभर ती कुटार, पाला, चराईवर राहू द्या, फक्त खनिज मिश्रण चालू ठेवा. 10 मार्चच्या पुढे खुराक पुन्हा सुरू करायचा, रोजचा 100 ग्रॅमपासून चढवत 300 पर्यंत, दोन-तीन वेळेला थोडा थोडा, कारण पिलांनी पोट दाबलेलं असतं आणि एका वेळी तिला खाता येत नाही. या काळात बकरी कळपापासून बाजूला उभी राहते, दात खाते, तोंडाला गोडसर वास येतो, खात नाही, असं दिसलं तर तो अंगातली साखर घसरल्याचा आजार आहे. दोन-तीन पिलं असलेल्या बकऱ्यांना होतो, खूप लठ्ठ बकरीलाही होतो. गुळाचं पाणी पाजून वाट पाहत बसू नका, डॉक्टर लागतोच. मार्चच्या मध्याला आंत्रविषाराची लस द्या, म्हणजे चिकातून पिलांनाही संरक्षण मिळतं.

विण्याच्या दोन-तीन आठवडे आधी कास पुन्हा भरायला लागेल. तेव्हा "अरे, आटलीच नाही" म्हणून पिळायला जाल, नका जाऊ, तो चीक आहे. जन्मल्यावर पहिल्या तासात पिलाच्या पोटात गेला पाहिजे, आणि पहिल्या दिवसभरात वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतका, अडीच किलोच्या पिलाला पाव लिटर.

राहिला आईचा चहा. फेब्रुवारी-मार्च-अर्धा एप्रिल, दोन महिने तुमच्याकडे दूध नसेल, त्यात मार्ग नाही. पण पुढच्या वर्षी हे टाळता येतं. दोन्ही बकऱ्या एकाच महिन्यात फळवू नका. मोठीला नोव्हेंबरात बोकड दाखवता तर धाकटीला फेब्रुवारीत किंवा मार्चमध्ये दाखवा. माज चुकला तरी 21 दिवसांनी परत येतो. तीन-चार महिन्यांचं अंतर राहिलं की एक आटलेली असताना दुसरी देत असते. धाकटीला बोकड कधी दाखवला, की अजून दाखवलाच नाही, ते तुम्ही लिहिलं नाही. तेवढं कळवा, म्हणजे तिची तारीखही काढून देते.